पाच हेक्टरांच्या आतली लोकशाही

(युवकांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



फळ्यावर विषय लिहिलाय : 'चुनखडीची छोटी खाण – जागा आणि परवानगी'. तो वाचून मागच्या रांगेत हसू फुटलं, ते मला ऐकू आलं. हसा. क्रांतीच्या अभ्यासवर्गात तहसील कचेरीचा अर्ज कुठून घुसला, असं वाटणारच. पण आपल्या बापजाद्यांना गावकुसाबाहेर कशानं ठेवलं? काठीनं ठेवलं आणि पोथीनं ठेवलं, हे आपण घोकून घोकून पाठ केलंय. आता पोथीच्या जागी फाईल आलीय. पोथी ऐकली तर कानात शिसं ओतायची भाषा होती. फाईल वाचायला तशी कुणाची बंदी नाही. तरी आपण ती वाचत नाही! मोर्चाला आपण हजारोंनी येतो आणि त्याच तालुक्याच्या कचेरीत एका गट नंबरची फाईल बघायला दहा जण जात नाहीत. म्हणून आज घोषणा नकोत. आज एक अर्ज घ्यायचा आणि त्याची कातडी सोलून बघायची.

उदाहरणाला गाव घेतलंय गुंजवणे, जिल्हा पुणे. नसरापूरवरून आत वळायचं, मार्गासनी, साखर करत राजगडाच्या पायथ्याला पोचायचं. तुमच्यातले कितीतरी जण तिथून चोर दरवाजानं गडावर चढले असतील, फोटो काढले असतील. तालुका वेल्हे. २०२५ साली त्याचं नाव राजगड झालं. कचेरीचे शिक्के बदलले, पाट्या बदलल्या. कातकऱ्याचं नाव सातबाऱ्यावर चढवायला मात्र इतकी घाई कधी कुणी केली नाही.

समजा, उद्या एक गडी तिथं उतरतो. हातात चार हेक्टरांचा नकाशा. म्हणतो, चुनखडी काढणार, छोटी भट्टी लावणार, वीसपंचवीस माणसांना काम देणार. गावच्या कारभाऱ्यांना भेटतो, चहा होतो. आणि वस्तीवरच्या पोरांना हे कधी कळतं? जेसीबी लागल्यावर. चहा आणि जेसीबी यांच्या मधे जे घडतं, ते आज आपल्याला शिकायचंय.

पहिला सवाल जमिनीचा. जमीन काय सांगते?

सह्याद्री म्हणजे थरावर थर थिजलेला लाव्हा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो वाहिला आणि त्याचा काळा पाषाण झाला. सिमेंटवाल्याला लागतो तो चुनखडक वेगळा, फार जुन्या समुद्रांच्या तळाशी साचलेला. महाराष्ट्रात तो आहे चंद्रपूर-यवतमाळकडे. म्हणून तर आवारपूर, गडचांदूर, उपरवाहीला सिमेंटचे कारखाने उभे राहिले. राजगडाच्या काळ्या पाषाणात तसला थर मिळायचा नाही. देशावर आपण जिला चुनखडी म्हणतो ती निराळी चीज आहे. शेतातल्या मातीत, ओढ्याच्या दरडीत पांढुरके खडे दिसतात ना, ते. पावसाचं पाणी दगडातला चुना विरघळवून नेतं, आणि जमीन जिथं सुकते तिथं तो चुना खडा होऊन बसतो.

आता जरा डोकं चालवा. जमीन सुकली पाहिजे. मग हे खडे भरपूर कुठं सापडणार? दौंड, बारामती, पुरंदरच्या कोरड्या पट्ट्यात. मावळात पाऊस चार महिने कोसळतो, तिथं चुना धुऊन खाली जातो. म्हणून अर्जदाराला पहिला प्रश्न हाच घालायचा : बाबा रे, तू इथून काढणार काय? खड्डे घेऊन पाहिलेस का? किती घेतलेस, किती खोल घेतलेस? नमुना कुठं तपासला? त्याचा कागद दाखव. कारण अर्जात चुनखडी लिहायची आणि डंपरमधून काळा दगड न् मुरूम हलवायचा, याला काही फार मोठी अक्कल लागत नाही. पुणं रोज फुगतंय. रिंग रोड भोर, हवेली, मुळशी, मावळ करत आखलेला आहे. खडीला गिऱ्हाईक उंबऱ्यात उभं आहे.

दुसरी गोष्ट उताराची. डोंगराच्या पायथ्याला चार हेक्टर खणायचे, तर वरची माती काढून कुठंतरी टाकावी लागते. जून आला की खड्डा पाण्यानं भरतो आणि टाकलेली माती ओढ्यानं गुंजवणी नदीत उतरते.  ३० जुलै २०१४ ला याच जिल्ह्यात, आंबेगाव तालुक्यात, माळीण गावावर डोंगर आला. १५१ माणसं गेली, आदिवासी माणसं. माळीणला खाणीनं मारलं असं मी म्हणत नाही. पण पावसानं भिजलेला मावळी उतार माणसाला किती वेळ देतो, ते माळीणनं दाखवलंय. तेव्हा अर्जात 'जमीन सपाट, पडीक' असं लिहिलेलं असेल तर आपण जागेवर जाऊन उभं राहायचं. पाणी कुठून येतं, कुठं जातं, खाली कुणाची घरं आहेत, विहीर कुणाची आहे? हे सांगायला इंजिनियर लागत नाही. वस्तीतल्या म्हातारीला विचारा, ती बोटानं दाखवील.

तिसरी गोष्ट गडाची. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं. त्यात राजगड आहे. चांगलं झालं. पण गड उभा राहिला कशावर? महाराष्ट्रातल्या कुठल्याही गडाची, वाड्याची भिंत घ्या. वडारांनी दगड फोडला. लोणाऱ्यांनी चुनखडी भट्टीत भाजली, तिची चुनकळी निघाली. ती पाण्यात विरवली, वाळू घालून घाण्यात मळली, तेव्हा चुना झाला. गावोगावच्या महारांनी वेठीला ओझी वाहिली. किल्लेदारांची नावं बखरीत आली. चुना मळणाऱ्याचं नाव कुठल्या बखरीत आहे? चुन्यानं भिंत धरून ठेवली आणि चुना करणारा भिंतीबाहेर राहिला! तेव्हा उद्या कुणी म्हणालं, की 'वारशाच्या पायथ्याला खाण नको', तर आपण म्हणू, खाण नकोच. पण वारशाच्या हिशेबात आम्हालाही धरा.

आता कायद्याकडे वळू. इथं खरी गंमत आहे. तुम्हाला वाटतं, जात फक्त माणसाला असते. मी सांगतो, या देशात दगडालासुद्धा जात आहे.

१९५७ चा खाणी आणि खनिजांचा कायदा खनिजांचे दोन वर्ण पाडतो. एक प्रमुख खनिज, दुसरं गौण खनिज. शब्द बघा, गौण! दगड, मुरूम, साधी वाळू, साधी माती हे गौण. चुनखडकाचं काय? तो सिमेंटला गेला तर प्रमुख. मग दिल्लीचं लक्ष, नागपूरच्या भारतीय खाण ब्युरोची देखरेख, २०१५ पासून लिलाव. तोच चुनखडक भट्टीत भाजून बांधकामाचा चुना करायला गेला, तर १९५८ च्या अधिसूचनेनं तो गौण ठरायचा. मग सगळा कारभार राज्याच्या नियमांनी आणि जिल्हाधिकाऱ्याच्या कचेरीतून. दगड तोच, रंग तोच, वजन तेच. कुठल्या दारात जायचा त्यावरून त्याची जात ठरायची.

आणि त्याला फोडणाऱ्या माणसाचं? वडार माणूस कर्नाटकात अनुसूचित जातीत आहे. हद्द ओलांडून सोलापुरात आला की विमुक्त जातीत. अंगावर घण तोच, हाताला घट्टे तेच, पोट तेच. हद्दीच्या दगडानं त्याची यादी बदलली, सवलत बदलली, आणि आपण मात्र एकमेकांना विचारत बसलो, तू आमच्यातला का त्यांच्यातला? ही मेख ज्यानं ठोकली त्याला कायदा कळत होता. आपल्यालाही कळला पाहिजे.

गौण म्हटलं, की दुसरी पायरी येते लहानपणाची. किती लहान? इथं आकडा लक्षात ठेवा : पाच हेक्टर. म्हणजे साडेबारा एकराच्या आसपास. पर्यावरणाच्या मंजुरीची २००६ ची अधिसूचना पाच हेक्टरांखालच्या खाणीला हात लावत नव्हती. मग लोकांनी काय केलं? मोठ्या खाणीचे तुकडे पाडले. साडेचार इथं, साडेचार तिथं, मधे बांध. कागदावर चार भाऊ, खड्डा एक! २७ फेब्रुवारी २०१२ ला दीपक कुमार विरुद्ध हरियाणा या खटल्यात सुप्रीम कोर्टानं हे ओळखलं आणि सांगितलं, की पाच हेक्टरांखालच्या गौण खनिजालाही आधी पर्यावरण मंजुरी पाहिजे. आता न्याय झाला म्हणाल. थांबा. जानेवारी २०१६ मध्ये नवी अधिसूचना आली. तिनं मंजुरीचं काम जिल्ह्याच्या समितीकडे दिलं आणि लहान खाणींची जनसुनावणी काढून टाकली. सप्टेंबर २०१८ मध्ये हरित न्यायाधिकरणानं त्यातल्या बऱ्याच गोष्टींवर ताशेरे ओढले. काम पुन्हा राज्याच्या प्राधिकरणाकडे गेलं. पण पाच हेक्टरांच्या आतली एकटी-दुकटी खाण असेल तर जनसुनावणी नाही, ती नाहीच. ५०० मीटरांच्या आत अशा अनेक खाणी असल्या आणि त्यांची बेरीज पाच हेक्टरांवर गेली, तरच 'समूह' म्हणून सुनावणी.

म्हणजे बघा, आपल्या गड्याचा अर्ज चार हेक्टरांचा का आहे ते. साडेपाचचा असता तर गावात मांडव घालावा लागला असता, माईक लावावा लागला असता, आणि कुणी कातकरीण बाई उठून म्हणाली असती, 'माझी विहीर आटंल.' ते वाक्य सरकारी इतिवृत्तात लिहून घ्यावं लागलं असतं. चार हेक्टर म्हटलं की त्या बाईचं वाक्य वाचलं. हिलाच मी पाच हेक्टरांच्या आतली लोकशाही म्हणतो. मोठा प्रकल्प असला तर दिल्लीचे पत्रकार येतात, आंदोलन होतं. लहान खड्ड्याला कोण येतो? लहान खड्डा लहान माणसांच्या दारात पडतो आणि दोघांचं कुणी ऐकत नाही.

पेसाचा कायदा १९९६ चा. तो अनुसूचित क्षेत्रात गौण खनिजाच्या पट्ट्याआधी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस मागतो. पुणे जिल्ह्यात अनुसूचित क्षेत्र आहे आंबेगाव-जुन्नरकडे. वेल्हे-भोर त्यात नाही. म्हणजे आंबेगावच्या डोंगरातल्या महादेव कोळ्याला जो आवाज आहे, तो गुंजवण्याच्या डोंगरातल्या कातकऱ्याला त्या कायद्यानं नाही. कातकरी तर सरकारनंच अतिशय असुरक्षित आदिम जमात म्हणून नोंदवलेला! असुरक्षित आहे हे सरकारला माहीत आहे. फक्त विचारायचं नाही एवढंच ठरलंय.

आता फाईल उघडू. महाराष्ट्रात गौण खनिजाचे नियम आहेत २०१३ चे. फाईलमधे काय काय असतं? जमिनीचा सातबारा. मोजणीचा नकाशा. जमीनमालकाची संमती. ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला. खाणकामाचा आराखडा. जिल्हा सर्वेक्षण अहवाल, म्हणजे जिल्ह्यात कुठं काय खनिज आहे आणि दरसाल किती काढता येईल त्याचा हिशेब. मग पर्यावरण मंजुरी. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, उभारणीची वेगळी, चालवायची वेगळी. वनखात्याचा दाखला, की ही जमीन वन नाही. मग पट्टा, मग रॉयल्टी, मग वाहतुकीचा पास. प्रत्येक कागद म्हणजे एक दार. प्रत्येक दारात आपल्याला उभं राहता येतं.

पण पहिलं दार सातबाऱ्याचं, आणि तिथं आपला जीव अडकलाय. म्हणून इथं जरा थांबतो.

ती चार हेक्टर जमीन कुणाची? तीन शक्यता. एक, ती कुणा बड्याची मालकीची. दुसरी, ती महार वतनाची. वतन म्हणजे काय होतं हे तुमच्या आज्याला विचारा. गावाची सगळी घाण काढायची, सरकारी टपाल वाहायचं, सांगावे धाडायचे, आणि त्याच्या बदल्यात एक तुकडा. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाचं बिल मांडलं ते या गुलामीच्या विरोधात. कनिष्ठ गाववतनं नाहीशी करणारा कायदा झाला १९५८ साली. जमीन नव्या शर्तीनं परत मिळाली, म्हणजे आज ज्याला भोगवटादार वर्ग दोन म्हणतात ते. ही जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही. ही शर्त आपल्या संरक्षणासाठी होती. पण काय होतं? नातू मुंबईला, उतारा गावाला. गड्याकडे कुलमुखत्यारपत्र तयार असतं. आजोबांच्या सह्या, नाहीतर अंगठे. २०२५ साली पुण्याच्या मुंढव्यातल्या सुमारे ४० एकर महार वतनाच्या जमिनीचा व्यवहार राज्यभर गाजला. शहरात, सगळ्यांच्या डोळ्यादेखत! मग डोंगरातल्या चार हेक्टरांची काय कथा? तेव्हा आज घरी गेल्यावर पहिलं काम : आपल्या गावचं वतन कुठल्या गटात होतं, आज त्या उताऱ्यावर कुणाचं नाव आहे, ते काढा.

तिसरी शक्यता गायरान. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ साली भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला. माणसं तुरुंगात गेली, कशासाठी? पडीक जमीन कसणाऱ्याला द्या म्हणून. पुढं २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयानं १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरची शेतीची अतिक्रमणं नियमित करायची ठरली. ज्यांनी कसल्याचा पुरावा दिला त्यांना मिळाली. ज्यांचा पुरावा म्हणजे फक्त अंगावरचा घाम होता त्यांची राहिली. आता त्याच गायरानावर खाणीची आखणी झाली, की आपला माणूस 'अतिक्रमणदार' ठरतो आणि गडी 'पट्टेदार' ठरतो. दोघंही सरकारच्याच जमिनीवर. एकानं पोट भरायला नांगर घातला, दुसऱ्यानं पैसे करायला मशीन घातलं. पोलिस कुणाच्या दारात जातो, ते सांगायला नको.

आता आत जाऊ, खाणीत. काम देणार म्हणतो ना हा गडी, कसलं काम देतो ते बघू.

खाणीत माप चालतं ब्रासचं. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. माझ्या आईनं खडी फोडलीय, म्हणून हे माप मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. एका खाणीवर ठेकेदाराची लोखंडी पेटी होती. मजुराकडून माल मोजून घ्यायचा तेव्हा ती पेटी शीग लावून भरायची. गिऱ्हाइकाला देताना सपाट. आणि सरकारला रॉयल्टी भरताना त्यातल्या निम्म्या पेट्या दिसायच्याच नाहीत. एकाच ब्रासचे तीन आकार! सगळ्यात मोठा आकार मजुराच्या वाट्याला. २०२१ साली सरकारनं रॉयल्टी ब्रासला ६०० रुपये केली. बेकायदा उत्खनन सापडलं तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली बाजारभावाच्या पाचपट दंड आहे. म्हणजे सरकारला आपला तोटा मोजता येतो. आईच्या शिगेचा तोटा मोजायला कुठलं कलम आहे?

१९५२ च्या खाण कायद्यात एक कलम होतं. चुनखडी, मुरूम, बांधकामाचा दगड यांच्या उघड्या खाणीची खोली सहा मीटरच्या आत असेल, एका दिवसाची माणसं पन्नासच्या आत असतील आणि सुरुंग वापरत नसतील, तर त्या कायद्यातली बहुतेक कलमं तिला लागूच नव्हती. पुन्हा तेच लहानपण! पन्नासावा मजूर आपला जीव घेऊन येतो, एक्कावन्नावा येतो तेव्हा कुठं कायदा येतो. मग मुकादम काय करतो? हजेरीवर चाळीस नावं. बाकीची माणसं 'पाहुणे'. बाया तर हजेरीवर नसतातच, नवऱ्याच्या नावात धरलेल्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये चार कामगार संहिता लागू झाल्या आणि जुना खाण कायदा त्यात गेला. कागद नवा झाला. हजेरीवही कोण लिहितो, हा प्रश्न जुनाच आहे.

आणि उचल! दिवाळीनंतर मुकादम येतो, हातात उचल ठेवतो, अख्खं कुटुंब नेतो. वर्ष संपतं, उचल फिटत नाही. १९८२ साली हरियाणातल्या फरिदाबादच्या दगडखाणींतल्या मजुरांसाठी बंधुआ मुक्ती मोर्चानं सुप्रीम कोर्टाला एक पत्र लिहिलं. नुसतं पत्र. कोर्टानं तीच याचिका मानली, आणि डिसेंबर १९८३ मध्ये निकाल दिला : सक्तीचं काम दिसलं, की ते उचलीपोटी करून घेतलं जातंय असंच धरून चालायचं; तसं नाही, हे सिद्ध करायची जबाबदारी मालकाची. मालकाची! मजुरानं पुरावा शोधत फिरायचं नाही. हा निकाल चाळीस वर्षं पडून आहे. आपल्या किती कार्यकर्त्यांना ठाऊक आहे? आपल्या पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींत 'संतुलन' संस्थेनं १९९७ पासून खाणमजुरांच्या पोरांसाठी पाषाण शाळा काढल्या. म्हणजे तोवर शहराची भिंत उभी करणाऱ्याची पोरं शाळेविना खडीवरच खेळत होती.

आता काही मित्र म्हणतील, सरळ खाणच बंद करा, पश्चिम घाट वाचवा. याचंही पुस्तक उघडू. २०११ साली माधव गाडगीळ समितीचा अहवाल आला, २०१३ साली कस्तुरीरंगन समितीचा. त्यावर केंद्र सरकारनं पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा मसुदा काढला मार्च २०१४ मध्ये. मसुद्यात खाणीला बंदी आहे, चालू खाणी पाच वर्षांत बंद करायच्या आहेत, आणि वेल्हे-भोर तालुक्यांतली गावंही त्याच्या यादीत आहेत. मसुद्यावर मसुदा निघत गेला. जुलै २०२४ चा मसुदा सहावा. दहा वर्षांत सहा मसुदे! डोंगर तोडायला एक पट्टा पुरतो. वाचवायला सहा मसुदे पुरले नाहीत.

पण मी इथं सावध करतो. शहरातल्या काही निसर्गप्रेमी मंडळींना डोंगर हवा असतो तो माणसाविना. गड स्वच्छ पाहिजे, पायथ्याची वस्ती नको. सरपण गोळा करणारी कातकरीण जंगलाची शत्रू, आणि सातव्या मजल्यावर संगमरवर बसवणारा डोंगराचा मित्र! हा बामणी निसर्ग आपल्याला नको. गड्याचा रोजगारही तसाच फसवा. एक म्हणतो, डोंगरासाठी तुम्ही उपाशी राहा. दुसरा म्हणतो, पोटासाठी तुम्ही धूळ खा. दोघंही आपल्याला विचारत नाहीत, दोघंही आपल्याबद्दल ठरवतात.

याला रस्ता आहे का? एक जुना दाखला देतो, चुनखडकाचाच. डेहराडून-मसुरीच्या डोंगरात चुनखडकाच्या खाणी होत्या. १९८३ साली तिथल्या एका संस्थेनं सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं. पुन्हा पत्रच! १२ मार्च १९८५ ला कोर्टानं तिथल्या बऱ्याच खाणी बंद करायचा हुकूम दिला. डोंगरासाठी खाणी बंद करण्याचा तो देशातला गाजलेला निकाल. पण त्यात एक गोष्ट होती, ती निसर्गप्रेमी फारशी सांगत नाहीत. खाणी बंद झाल्यानं जे मजूर बेकार होतील, त्यांना शक्य तितक्या लवकर झाडं लावण्याच्या आणि माती धरून ठेवण्याच्या कामावर घ्या, असंही कोर्ट म्हणालं. म्हणजे ज्या हातांनी डोंगर फोडला त्यांनाच तो सावरायचं काम, आणि त्याचा रोज. हे मला पटतं. आपली मागणी या वाटेची पाहिजे.

मग नेमकं मागायचं काय?

एक. खाण पाच हेक्टरांची असो की पाच गुंठ्यांची, सुनावणी झालीच पाहिजे, आणि ती गावच्या चावडीत नाही, वस्तीत येऊन. चावडीत आपला माणूस अजून दाराशी बसतो.

दोन. वतन आणि गायरानाच्या गटावर खाणीचा अर्ज आला, तर तिथं पूर्वी कसणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला आधी लेखी नोटीस.

तीन. मजुराचा माल मोजायचं माप आणि रॉयल्टीचं माप एकच. वाहतुकीच्या पासावर जितके ब्रास, तितक्या ब्रासची मजुरी, आणि ती बाईच्या नावानं वेगळी.

चार. जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा पैसा २०१५ च्या कायदादुरुस्तीपासून खाणबाधितांसाठी आहे. तो तालुक्याच्या कमानीला आणि पुढाऱ्याच्या सभागृहाला नको. खाणीखालच्या विहिरीला, दवाखान्याला, पोरांच्या शाळेला.

आणि मागण्या करून घरी जायचं नाही. प्रत्येक शाखेनं एक गाव घ्यायचं, स्वतःचं गाव. चौघांचा गट करायचा, त्यात किमान एक मुलगी, कारण बायांशी बोलायला तीच पाहिजे. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. नाव काही असो, त्याच्याकडून सातबारा आणि फेरफार काढायचे. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. अर्जात लांबण नको. एवढंच विचारा : आमच्या गावात गौण खनिजाचे किती पट्टे, किती परवाने, कुठल्या गटात, किती ब्रासचे, ग्रामपंचायतीचा ना-हरकत ठराव कुठल्या तारखेचा, त्या सभेला हजर कोण, सह्या कुणाच्या. मग त्या सह्या घेऊन वस्तीत जायचं. 'आजी, ही सही तुझी का?' असं विचारायचं. जिनं आयुष्यात कधी पेन धरलं नाही तिची झोकदार सही तुम्हाला ठरावाखाली सापडेल, आणि मग कुठल्याही पुस्तकाशिवाय तुम्हाला व्यवस्था कळेल.

पुढची ग्रामसभा २६ जानेवारीची असो, १ मेची, १५ ऑगस्टची नाहीतर २ ऑक्टोबरची, तिला तुमच्या गटानं जायचं. मागं उभं राहायचं नाही, पुढं सतरंजीवर बसायचं. हरकत तोंडी सांगायची आणि लेखीही द्यायची. पोच घ्यायची, शिक्क्यासकट. पोचेचा कागद घरात पत्र्याच्या पेटीत नाही, शाखेच्या फाईलमधे ठेवायचा.

पुढच्या वर्गाला प्रत्येक गटानं आपल्या गावचा नकाशा आणायचा. त्यावर तीन गोष्टी लाल पेन्सिलीनं दाखवायच्या : वतनाचे गट, गायरान, आणि जिथं जिथं खड्डा पडलाय ती जागा. मागच्या रांगेत हसणाऱ्यांचा नकाशा मी आधी बघणार आहे.

जय भीम.